वायरमनची सात गावं

पेटीत बुडबुडे सुरू झाले तेव्हा मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकून पाय लांब केले. सकाळपासून माशांच्या पेटीत उंचावरून पाणी ओतत होते, खांदा उतरला होता. पुढच्या दारात मंडपवाल्याचा जनरेटर धडधडत होता. तेवढ्यात गल्लीतल्या दोन-तीन घरांतून एकदम आवाज आला, "आली, लाईट आली." मला हसू आलं. जनरेटर आमच्या दारात, लाईट यांच्या घरात कशी जाईल? मग घराच्या मागून एक बाई ओरडली. एकदा नाही, ओरडतच राहिली.

मी मागच्या दारानं बाहेर गेले. वायरमन खांबावर होता. कमरेचा पट्टा खांबाला आवळलेला, म्हणून खाली आला नव्हता. मान मागं पडलेली, दोन्ही हात लोंबत होते. एका पायातली रबरी चप्पल खाली पडली होती, तिच्याशेजारी पक्कड.

मी ओरडले नाही. घरातून परत पुढच्या दारी गेले आणि मंडपवाल्याला म्हणाले, "बंद कर."

"काहून आक्का, आत्ताच तर लावला."

"बंद कर."

त्यानं बंद केला. आत पेटीतले बुडबुडे थांबले. शेजारच्या घरात कोणीतरी म्हणालं, "गेली पुन्हा."

खांबावरचा हा वायरमन माझा घरमालक. सेनगावात त्याच्या घराच्या बाजूला दोन खोल्या होत्या, त्यात मी नऊ वर्षं राहिले. मी शाळेत खिचडी शिजवायचे. त्यानं तीस वर्षं या जिल्ह्यातल्या खांबांवर काढली होती आणि रिटायर झाला तरी सगळे त्याला वायरमनच म्हणायचे. लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेतही नावापुढं कंसात तेच छापलं होतं, नाहीतर कोणाच्या घरचं लग्न ते गावाला कळलं नसतं.

त्याला कोणतीही वस्तू सरळ हातानं धरायची सवय नव्हती. आधी उलटा हात लावायचा, मग धरायचा. दाराची कडी, नळाची तोटी, चहाचा कप, सगळ्याला. लाईनवरच्या माणसाला ती सवय लागते, म्हणे. सरळ हातानं धरलं आणि तारेत करंट असला तर हात मिटतो आणि सुटत नाही, उलट्या हाताला झटका बसला तर हात मागं फेकला जातो. त्यानं मला सांगितलेली ही एवढी एकच गोष्ट, कारणासकट. ती पण मी चिडून विचारलं म्हणून. माझ्या नातीचं बारसं होतं तेव्हा त्यानं त्या लेकराच्या गालाला उलटा हात लावला आणि माझी सून म्हणाली, "काका, करंट न्हाई तिच्यात." तो म्हणाला, "माहीत न्हाई ना पण."

दुसरी सवय चपलेची. रबरी चप्पल पायातून निघायची ती झोपताना. जेवताना पायात, देवासमोर पायात. बायको मी राहायला येण्याआधीच वारली होती. तिच्या दहाव्यालाही त्यानं चप्पल काढली नव्हती, असं गल्लीतल्या बायका सांगत. भटजी रागावले, तेव्हा म्हणाला, "तीस वर्षांत माझ्यासंगं चढलेले तिघं मेले. तिघंबी अनवाणी होते." भटजींनी पुढचे मंत्र म्हटले.

कारण सांगायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. त्यानं घरात जागोजागी लाल रंगानं लिहून ठेवलं होतं, "हात लावायचा नाही." मेन स्विचच्या पेटीवर लिहिलं होतं, ते ठीक. पण पाण्याच्या मोटरीवर, टाकीच्या झाकणावर, रेडिओवर, लोणच्याच्या बरणीवरही तेच. मी एकदा म्हणाले, "वायरमन, माझ्या पाठीवरबी लिहा, सुनेला कळंल." तो हसला नाही. विचार करून म्हणाला, "पाठीवर रंग टिकत न्हाई." काहून हात लावायचा नाही हे विचारलं की उत्तर एकच, "लिहिलंय ना." मी चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं. वाचलं आणि सोडून दिलं.

मासे आणले ते रिटायर झाल्याच्या दुसऱ्या वर्षी. नांदेडहून एसटीनं. पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभा प्रवास, कारण बसल्यावर पिशवी दबत होती. कंडक्टर म्हणाला, "जनावराचं तिकीट लागतं." वायरमन म्हणाला, "जनावर पाण्यात हाय, पाणी पिशवीत हाय, पिशवी माझ्या हातात हाय. माझं तिकीट हाय." बाळापूरच्या थांब्यावर त्यानं पिशवीचं तोंड सोडून आत फुंकर मारली. सगळी गाडी खिडकीतून डोकं आत घेऊन बघत होती. हे त्यानं स्वतः सांगितलं नाही, त्याच गाडीत माझी भाची होती.

सात मासे होते. सहा सोनेरी, एक काळा. त्यांना त्यानं गावांची नावं दिली, जिथं जिथं त्याची ड्युटी झाली त्या गावांची. साखरा, पुसेगाव, गोरेगाव, आजेगाव, कनेरगाव, हट्टा, आणि काळा तो बाळापूर. मी म्हणाले, माशाला काय गावाचं नाव देता. तो म्हणाला, "साखरा बघा, कायम तळाला बसून राहतो. तिकडची लाईन बी अशीच होती, हलवल्याबिगर चालत नव्हती. हट्टा सगळ्यांचं खाऊन राहिला. आणि बाळापूर मोठा, पण भित्रा." मग सकाळी खाणं टाकताना त्याचा आवाज माझ्या खोलीत यायचा. "गोरेगाव, सरक. आजेगावला खाऊ दे." मला त्या माणसाचा राग यायचा. मुलगा-सून वेगळे राहायचे, मी जेवले का हे विचारायला माझ्या घरात कोणी नव्हतं आणि हा माशांना वाढून राहिला.

एकदा विचारलं, हे कशाला पाळले. म्हणाला, "आक्का, तीस वर्षं लाईट गेली की लोक माझ्या दारात येऊन शिव्या द्यायचे. माझ्या आईच्या नावानं, बायकोसमोर. हे सात जण बोलत न्हाईत." पण झालं उलटंच. पेटीत हवेची छोटी मोटर होती, ती विजेवर चालायची. ती थांबली की माशांना श्वास कमी पडतो. त्यामुळं लाईट गेली की आता सगळ्या गल्लीत जास्त तकलीफ त्यालाच. ऑफिसात फोन लावायचा आणि पलीकडच्या माणसाला म्हणायचा, "अर्ध्या तासात येईल हे मला सांगू नको. ते मी तीस वर्षं सांगितलंय. मला खरं सांग."

मंडपवाल्याशी त्याचं वाकडं होतं ते एका वायरीवरून. मंडपवाला आमच्या समोरच राहतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीत त्यानं मंडपात एक वायर वापरली, जिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. एक टोक जनरेटरला, दुसरं सरळ भिंतीवरच्या बोर्डात. वायरमननं ती बघितली आणि आरती चालू असताना पकडीनं मधोमध तोडली. मंडपवाला अंगावर आला. "तुमच्या बापाची वायर व्हय?" वायरमन एवढंच म्हणाला, "ही वायर जीव घेईल कोणाचा तरी." कसा घेईल, कोणाचा घेईल, काही नाही. त्यानंतर दोघं बोलत नव्हते.

मी तिथं होते, प्रसादाचं ताट हातात घेऊन. माझ्या डोक्यात एवढंच बसलं की त्या वायरीची उघडी पिन कोणाच्या हाताला लागली तर तो मरतो. ते खरंही आहे. पण ते अर्धं होतं.

वादळ आलं ते मे महिन्यात, भर दुपारी. आधी धूळ, मग वारा, मग गारा. समोरच्या गोठ्याचे पत्रे उडून रस्त्यापलीकडं गेले. मागच्या कडुलिंबाची मोठी फांदी मोडली आणि लाईटच्या तारांवर पडली. लाईट गेली. वायरमन पाऊस थांबायची वाट न बघता मागं जाऊन बघून आला. म्हणाला, "आपल्या खांबावरच तुटलीय."

पहिला दिवस त्यानं ट्यूबवर काढला. मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये पायाच्या पंपानं हवा भरायची, तोंडाला बारीक नळी लावायची आणि नळी पाण्यात सोडायची. नळीला कपडे वाळत घालायचा चिमटा, म्हणजे हवा हळू निघते. एका भरण्यात अर्धा तास बुडबुडे चालत. चांगली युक्ती होती. पण दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की ट्यूबचं ठिगळ सुटलं. मग तांब्या. पेटीतलंच पाणी तांब्यात घ्यायचं आणि हातभर उंचीवरून धार सोडायची, धारेबरोबर हवा आत जाते. पेटीभोवती ओलं पोतं. तो ओतायचा, दमला की मी. मी म्हणाले, "वायरमन, माणसाला प्यायला पाणी न्हाई, नळ बंद, बोअर बंद, आन आपण माशांना आंघोळ घालून राहिलो." तो म्हणाला, "तुमी ओतू नका." मी ओतत राहिले. का, ते विचारू नका. त्याच्या एकट्यानं होत नव्हतं आणि मला दिसत होतं.

त्या संध्याकाळी गावातली लाईट आली. आमच्या गल्लीची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसात गेला. तिथं सांगितलं, खेड्याखेड्यांत खांब आडवे झालेत, तुमच्या गल्लीचा नंबर परवा. तो म्हणाला, मला परवानगी द्या, एका तारेचं काम आहे, मी जोडतो. ते म्हणाले, दादा, तुमी रिटायर आहात, चढायचं न्हाई. घरी येऊन मला म्हणाला, "त्यांचं बराबर हाय. मी बी हेच म्हणलो असतो." आणि तांब्या घेतला.

अकराच्या सुमाराला बाळापूर पालथा झाला. वायरमननं त्याला उलटा हात लावला. मग दोन्ही हातांनी उचलून वर्तमानपत्रात ठेवला. बाकीचे सहा पाण्याच्या वर तोंड काढून उघडमीट करत होते. त्याच्या तोंडावर काही दिसलं असं मी सांगणार नाही, त्याच्या तोंडावर कधीच काही दिसायचं नाही. खुंटीवरचा जुना पट्टा काढला, पक्कड घेतली.

"मी डीपीवर जाऊन येतो. हात थांबवू नका."

डीपी गल्लीच्या तोंडाशी आहे, जिथून सगळ्या गल्लीला लाईट जाते. मला वाटलं, तिथं काही बघायचं असेल. मागच्या खांबावर चढणार हे तो बोलला नाही. कारण सांगायची त्याला सवय नव्हती, आणि विचारायची मला राहिली नव्हती.

त्यानं काय केलं ते नंतर कळलं. डीपीतले आपल्या गल्लीचे तिन्ही फ्यूज काढले आणि खिशात घातले, म्हणजे कोणी चुकून लावणार नाही. मग मागच्या बाजूनं जाऊन खांबावर चढला. तारेला आधी उलटा हात लावला असणार. लाईन मेलेली होती. खरंच मेलेली होती.

इकडं मंडपवाला लग्नाचं सामान घेऊन टेम्पोनं परत आला. दारातून मला तांब्या ओतताना बघितलं.

"आक्का, दमल्या तुमी. जनरेटर हाय गाडीत. लावू?"

"वायरमन रागावंल."

"मग मरू द्या मासे."

मी माशांकडं बघितलं. साखरा, जो कायम तळाला असतो, तो वर आला होता. मी म्हणाले, लाव. वायरमन येऊन शिव्या देईल, देऊ दे. तोपर्यंत हे जगतील.

त्यानं वायर काढली. तसलीच, दोन्हीकडं पिना. मी म्हणाले, थांब. ही वायर जीव घेते. मी माझ्या अकलेनं सांभाळून केलं. जनरेटर बंद असतानाच एक पिन त्याच्यात लावली, वायर खिडकीतून आत घेतली, दुसरी पिन माझ्या हातानं भिंतीच्या बोर्डात बसवली. मग मंडपवाल्याला वायरीपासून लांब केलं. मंडपवाला म्हणाला, "मेन स्विच पाडायचा असतो वाटतं." मी स्विचच्या पेटीकडं बघितलं. तिच्यावर लाल रंगात लिहिलं होतं. मी म्हणाले, "त्याला हात लावायचा न्हाई. तू सुरू कर."

त्यानं दोरी ओढली.

मेन स्विच पाडला असता तर करंट घरातच राहिला असता. तो वर होता, म्हणून करंट आमच्या घरातून खांबावर गेला, खांबावरून दोन-तीन घरांत गेला, त्यांचे पंखे फिरले. वायरमननं करंट जिकडून यायचा ती बाजू बंद केली होती. तीस वर्षांत त्याच्या स्वतःच्या घरातून कधी आला नव्हता.

शिडी लावून चौघांनी त्याला खाली घेतला. सेनगावच्या दवाखान्यात नेला. नेण्यासारखं काही नव्हतं. मंडपवाल्यानं त्या गडबडीत वायर काढली, कोपराभोवती गुंडाळली आणि टेम्पोत टाकली. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आक्का, मला दोन लेकरं हायत."

पोलीस ठाण्यातून जमादार घरी आले. वायरमनच्या खिशात सापडलेले तीन फ्यूज त्यांनी ओट्यावर ओळीनं ठेवले आणि ऑफिसातून आलेल्या माणसाला विचारलं, "हे याच्याकडं, मग करंट आला कुठून?" मी म्हणाले, "माझ्याकडून." आणि सगळं सांगितलं, मंडपवाल्यासकट.

जमादारानं माझ्याकडं बघितलं. "आक्का, वय किती तुमचं?"

"सत्तरच्या वर."

"सावलीत बसा. पाणी प्या."

मग त्यांनी कागद लिहिला आणि माझ्यापुढं धरला. मी हळू वाचते, पण पूर्ण वाचला. रिटायर माणूस, विनापरवानगी चढला, विजेच्या धक्क्यानं मेला. मी साक्षीदार.

मी म्हणाले, "मी सांगितलेलं यात न्हाई."

"आक्का, गेलेला माणूस परत येणार हाय का? आन तुमाला या वयात कुठं फिरवायचं आमी?"

मी सही केली. मंडपवाल्याची लेकरं डोळ्यासमोर होती असं सांगता आलं असतं. खरं म्हणजे मी घाबरले.

लेक वाशिमला दिलेली, ती दुपारनंतर आली. तिला मी सांगितलं, कागदात नसलेलं सगळं. बाकी बायका मला गप्प करत होत्या. ती ऐकत होती. शेवटी विचारलं, "बाबा खांबावर हायेत हे तुमाला माहीत नव्हतं?"

"न्हाई."

"सांगितलं नसंलच त्यांनी," ती म्हणाली. "मलाबी कधी काही सांगितलं न्हाई." मग पेटीकडं बघून, "ते मासे तुमी घेऊन जा. मला ते या घरात दिसायला नकोत." मला माफ केलं का, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही.

परवाचा नंबर होता तो त्याच दिवशी लागला. दोन माणसं आली, खांबावर चढली, अर्ध्या तासात तार जोडली. एकाच्या पायात चप्पल नव्हती. मी खालून सांगितलं, चप्पल घाल. त्यानं विचारलं, "काहून?" मी त्याला कारण सांगितलं.

लाईट आली तेव्हा चार वाजले होते. मढं पोस्टमॉर्टेमला हिंगोलीला नेलं होतं, ते अजून यायचं होतं. घरात बायका बसल्या होत्या आणि कोपऱ्यात हवेची मोटर आपोआप सुरू झाली. एक बाई म्हणाली, बंद करा तो आवाज. मी म्हणाले, हात लावायचा नाही.

पेटी आता माझ्या खोलीत आहे. मला मासे आवडत नाहीत, वास येतो. पाणी बदलते, खाणं टाकते, नावानं हाक मारत नाही.

बाळापूर सकाळीच गेला होता, पुसेगाव त्या संध्याकाळी पाण्यावर आला. साखरा, गोरेगाव, आजेगाव, कनेरगाव आणि हट्टा वाचले. आणि मी.